रविवारच्या फोनवर न सांगितलेले

लिस्बन

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी बाबांनी विचारले, की इंग्रजीवर भागत असताना नोकरी सांभाळून रात्री पोर्तुगीजच्या वर्गाला जायचा हट्ट कशासाठी. नातू शेजारीच बसला होता, म्हणून मी विषय बदलला.

फेब्रुवारीत माझा पाळीचा रक्तस्राव थांबेना, म्हणून मी आरोग्य केंद्रात गेले. (बाबा, हे तुम्हांला लिहिताना संकोच वाटतो.) डॉक्टरीणबाईंना इंग्रजी जेमतेम येत होते आणि मला चार वर्षांत ‘बों दिया’, ‘ओब्रिगादा’ यांपलीकडे काही आले नव्हते, त्यामुळे शाळेतून थेट माझ्याबरोबर आलेला तुमचा नऊ वर्षांचा नातूच दुभाषा झाला. त्यांचा प्रश्न ऐकून त्याने मान खाली घातली आणि दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत तो म्हणाला, “आई, त्या विचारतात, गाठी पडतात का.” मी अर्धे सांगितले, अर्धे गिळले. आता बरी आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, काळजी करू नका; पण त्याचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मला इथले नागरिकत्व मिळाले ते बाबांमुळे. त्यांचा जन्म गोव्यात पोर्तुगिजांचे राज्य असतानाचा, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचा, पेडण्यातला. त्यांची जन्मनोंद इथल्या दप्तरी चढली आणि त्यांची मुलगी म्हणून मला पासपोर्ट मिळाला, भाषेची परीक्षा कोणी घेतली नाही. वर्गात माझ्या बाकावर बसणारी नेपाळी बाई कचेऱ्यांची साफसफाई करून येते, आणि तिला मात्र नागरिकत्वासाठी पोर्तुगीजच्या ए२ या प्राथमिक पातळीचे प्रमाणपत्र दाखवावे लागणार आहे. माझे क्रियापद चुकले की तीच हळूच सांगते, तेव्हा मला फार अपराधी वाटते.

हा वर्ग स्थलांतरितांसाठी सरकारने चालवलेला आहे, ए२ पर्यंत १५० तासांचा. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर चार शब्द लिहिले आणि मला भरून आले: जनेल, मेज, चावी, पाव! आई, पाऊस आला की तू ‘जनेल लाव’ म्हणतेस, तेच खिडकीचे जनेल. इथे ‘पगार’ म्हणजे पैसे देणे. मात्र हे लोक बोलताना स्वर असे गिळतात, की ‘एश्ता बें’चे, म्हणजे ‘ठीक आहे’चे, कानाला नुसते ‘श्ता बें’ लागते आणि चावीची ‘शाव’ होते. वाचून कळते ते ऐकून कळत नाही, आणि माझी खरी अडचण हीच आहे.

म्हणून बाबांना एक विनंती आहे. तुम्ही पोर्तुगीज प्राथमिक शाळेतले प्रिमेर ग्राव शिकलात, अजूनही नोटा मोजताना ‘उं, दोइश, त्रेश’ म्हणता. दर रविवारी दहा मिनिटे माझ्याशी पोर्तुगीज बोला. विसरलो म्हणू नका, जेवढे आठवेल तेवढेच बोला. आणि आई, त्यानंतरचा वेळ नातवाला दे; माझ्या आजारपणाचे आणि घरच्या बिलांचे मराठी त्याला पुष्कळ झाले, तू त्याला गोष्टी सांग.

मंगळवारी आमचा दवाखान्याचा पाठ आहे. त्यातली वाक्ये येत्या रविवारी बाबांना म्हणून दाखवीन. चुकले तर तिथल्या तिथे थांबवा.

तुमची
बाय