फळ्यावरचं इंजिन

कोल्हापूर,
रविवार रात्र

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

दुपारी तुझा फोन आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत ग्रीसने माखले होते आणि बाबांनी फोन माझ्या कानाशी धरला होता. तुझ्या ऑफिसातले ते गृहस्थ माझ्या जुन्या पद्मिनी गाडीचे साडेतीन लाख द्यायला तयार आहेत, आणि साठी उलटल्यावर आईने गाडीखाली झोपणं आता पुरे, असं तू म्हणालास. मी "बघू" म्हणाले. माझं "बघू" म्हणजे नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तू काळजीने बोललास हेही मला कळलं. म्हणून नुसतं नाही म्हणून सोडवेना. का नाही, ते नीट सांगायचं आहे आणि फोनवर ते जमलं नसतं.

बत्तीस वर्षं मी विज्ञान शिकवलं. पुस्तकात धडा असो वा नसो, चार-स्ट्रोक इंजिनाची आकृती मी दरवर्षी काढायचेच. सिलिंडर, आत पिस्टन, वर दोन व्हॉल्व्ह, मधे प्लग. मिश्रण आत आलं, दाबलं गेलं, पेटलं, धूर बाहेर गेला. रंगीत खडूंची ती आकृती पुढच्या तासाला फळ्यावरून पुसायला मुलं तयार नसायची. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, पिस्टन वर पोचला की तिथे थांबतो का?" मी सांगितलं, "हो, क्षणभर थांबतो." उत्तर बरोबर होतं. पण थांबलेला पिस्टन मी कधी पाहिला नव्हता. त्या मुलाचं समाधान झालं, माझं झालं नाही. ती रुखरुख निवृत्तीपर्यंत राहिली.

२०१८ च्या जूनमध्ये निवृत्त झाले आणि दिवाळीआधी मिरजेच्या एका डॉक्टरांच्या पडवीतून ही पद्मिनी आणली. १९८२ सालची, सहा वर्षं जागेवरून न हललेली. चाळीस हजार दिले. टेम्पोला दोर बांधून ती दारात आली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "भंगारवाला आला का?" तू फोटो बघून काहीच बोलला नव्हतास, आणि तेव्हा ते मला लागलं होतं.

तू ज्या सांगलीच्या कॉलेजात शिकलास त्याला वालचंदांचं नाव आहे. त्याच सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली. आधीच्या थोराड नाकाच्या गाडीला लोक डुक्कर फियाट म्हणायचे. मग मॉडेलं बदलत गेली, १९७४ पासून नाव पद्मिनी झालं, तरी माझे वडील शेवटपर्यंत फियाटच म्हणत. आज कारखान्याच्या जागी मोठाल्या इमारती आहेत. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधली पातळ चकती) आणायला मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेले होते, तेव्हा वाकडी वाट करून तिथे उभी राहून आले. मला तिथे जायचंच होतं, एवढंच कारण.

गाडी आली तेव्हा इंजिन जाम होतं. इथे मला माझा गुरू भेटला. उद्यमनगरातला मिस्त्री, माझाच जुना विद्यार्थी. मी लांब पाना घेऊन एका नटावर जोर लावत होते, तो म्हणाला, "आत्ता जोर लावू नगा बाई. रातभर डिझेल पिऊ दे त्येला." सकाळी तो नट बोटभर जोरात सुटला. इंजिनाचंही तसंच केलं. चारही प्लग काढून भोकांतून थोडं थोडं तेल सोडलं आणि आठ दिवस काही केलं नाही. नवव्या दिवशी टॉप गिअरमध्ये टाकून गाडी मागेपुढे ढकलली. तिसऱ्या धक्क्याला आत काहीतरी सुटलं आणि पंख्याचं पातं हललं. ते बघून तुझे बाबा ओट्यावर बसले आणि दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

पहिल्यांदा गाडी चालू झाली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये, आणि तीही अर्धा तासच. नळीतून पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे. हेड गॅस्केट गेलं होतं. म्हणजे हेड उघडायचं, आणि या गाडीचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम तापून वाकतं, म्हणून नट सोडताना कडेकडून मधे यायचं आणि आवळताना मधून कडेला जायचं, तेही एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. मिस्त्रीने सांगितलं आणि पाना माझ्या हातात देऊन तो चहाला गेला. तो मुद्दाम गेला होता, हे मला नंतर कळलं.

हेड उचललं आणि ओंकार, माझी आकृती समोर होती. चार गोल विहिरी, दोन पिस्टन वर, दोन खाली. शाळेतून निरोपाला मिळालेला व्हर्निअर कॅलिपर घरात होता. सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो, म्हणून अगदी खाली, रिंगा पोचत नाहीत तिथे व्यास मोजला. ६.८ सेंटिमीटर. पिस्टनची चाल मोजली. ७.५. बाबांच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला, चारने गुणलं, आणि उत्तर आलं १०८९. कागदपत्रांत गाडीची सीसी १०८९ च लिहिली आहे. बत्तीस वर्षं मुलांकडून सिलिंडरचं घनफळ काढून घेतलं, पण इतका आनंद मला त्या सूत्राने कधी दिला नव्हता.

मग मी एका पिस्टनच्या डोक्यावर पेन्सिल उभी धरली आणि बाबांना पुली हळूहळू फिरवायला सांगितली. पेन्सिल वर चढली, चढली, आणि वर पोचल्यावर पुली फिरत राहिली तरी पेन्सिल हलली नाही. मग खाली येऊ लागली. थांबतो तो. मी बाबांना सात-आठ वेळा फिरवायला लावलं. मागच्या बाकावरचा तो मुलगा आता कुठे असेल, मला माहीत नाही. त्याला बोलावून दाखवावंसं फार वाटलं.

हेडला उद्यमनगरात फेसिंग मारून, म्हणजे यंत्रावर सपाट करून घेतलं, पण आठही व्हॉल्व्ह मी स्वतः घासून बसवले. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेवर, पेस्ट लावायची, व्हॉल्व्हला रबराच्या टोपीची काठी चिकटवायची आणि ताक घुसळताना रवी फिरवतो तशी ती दोन तळहातांत फिरवायची. मधून उचलायची, थोडी वळवायची, पुन्हा फिरवायची. आवाज आधी खरखर येतो, मग मऊ होत जातो. पुसून बघितलं की सीटवर राखाडी रंगाची एकसारखी रेघ दिसली पाहिजे. मग वरून रॉकेल ओतून ठेवायचं. थेंब पाझरला तर पुन्हा पहिल्यापासून. माझे दोन व्हॉल्व्ह पाझरले. तिसऱ्या दिवशी एकही पाझरला नाही. हे काम दुकानात पैसे देऊन अर्ध्या दिवसात झालं असतं, तू तेव्हाही हेच म्हणाला होतास. झालं असतं. पण आज घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ती दम न सोडता चढते तेव्हा त्या आठ रेघा मला डोळ्यांसमोर दिसतात, त्या मग दिसल्या नसत्या.

ऑगस्टमध्ये महापूर आला. आपल्या गल्लीत पाणी गाडीच्या दाराच्या कडेपर्यंत चढलं. ओसरल्यावर गिअरबॉक्सचा नट सोडला तर काळ्या तेलाच्या जागी दुधाच्या चहासारखं काहीतरी बाहेर आलं. मागच्या डिफरन्शियलमध्ये तेच. त्या दिवशी मात्र मी रडले. गाड्या सोड, लोकांची घरं गेली होती, आणि मी गाडीसाठी रडते याची लाजही वाटली. पण तेल तीनदा बदललं, चारी चाकांची बेअरिंग काढून धुतली, ग्रीस भरलं. खंडेनवमीला बाबांनी पान्यांचा सेट पाटावर मांडून हळद-कुंकू वाहिलं. त्या पाटावर माझा व्हर्निअरही होता.

ब्रेकचं तेवढं मी एकटीने केलं नाही, आणि करणारही नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर आतून गंजतात. ते सगळे बदलले, वॉशर बदलले, पण शेवटचा हात मिस्त्रीचा. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. ब्रेक गेला तर थांबत नाही. तुझी काळजी जिथे रास्त आहे तिथे मी तुझ्याच बाजूची आहे. रात्री हायवेला मी ही गाडी काढत नाही. तिला एअरबॅग नाही, चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत, उन्हाळ्यात आत भट्टी होते. तुझी नवी गाडी हिच्यापेक्षा सुरक्षित आहे, कमी पेट्रोल पिते, कमी धूर सोडते. मी ते नाकारत नाही.

पण तुझ्या गाडीचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं. तिला काही झालं की दिवा लागतो आणि आपण फोन करतो. माझीला काही झालं तर मी आधी कान लावते. डिस्ट्रिब्युटरमधले, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डबीतले पॉइंट घे. अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट. चार सिलिंडर, तीन हजारच्या आसपास इंजिन फिरत असेल तर ती फट सेकंदाला शंभर वेळा उघडते आणि मिटते, आणि दर उघडण्याला एक ठिणगी. पॉइंट झिजले की गाडी आधी सांगते. चढाला किंचित अडखळते, थंड असताना खोकते. सुरुवातीला मला ते ऐकूच यायचं नाही. एकदा तर प्लगच्या वायरी मी १-२-३-४ अशा ओळीने लावल्या आणि कार्बोरेटरमधून एवढा बार उडाला की भिंतीवरच्या चिमण्या गेल्या. या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. तो आता मी झोपेतही सांगेन. परवा पन्हाळ्याहून उतरताना आवाजात बारीक फरक वाटला, घरी येऊन पाहिलं तर पेट्रोलची रबरी नळी मऊ पडून चिरत आली होती. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही. नळ्या आणि पंपाचा पडदा, दोन्ही बदलले. रस्त्यात आग लागण्याआधी मला कळलं, कारण ही गाडी मी स्वतः उघडलेली आहे.

गाडी कागदावर २०१८ पासूनच माझी आहे. मला ती माझी वाटली त्या हेडच्या दिवसापासून.

बाबांच्या वहीप्रमाणे आजवर एक लाख पंच्याऐंशी हजार गेले आहेत, घेतल्याचे चाळीस धरून. तेव्हा साडेतीन लाख म्हणजे फायदाच, हे गणित मलाही येतं. ते गृहस्थ ती शोरूमसारख्या गॅरेजमध्ये ठेवणार, असं तू म्हणालास. मला ते नको आहे. पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना आता वेगळी व्हीए नंबरप्लेट मिळते, पण मग त्या रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाहीत. हिला २०३२ मध्ये पन्नास होतील. मी जिवंत असेन तर तेव्हाही साध्या नंबरवर, दर पाच वर्षांनी पासिंगच्या रांगेत उभी राहीन आणि तिच्यातून भाजी आणीन. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली, तेव्हा पेपरात लोकांनी तिच्याशेजारी उभं राहून काढलेले फोटो आले होते. त्या टॅक्सी लोकांना आपल्या वाटल्या, कारण त्या फिरत होत्या.

आता एक जुनी गोष्ट. तू चौथीत असताना सायकलचं मागचं चाक उघडलं होतंस आणि छर्रे पलंगाखाली घरंगळत गेले. तू पालथा पडून एकेक शोधत होतास, अठरा की वीस गोळा केले होतेस. मी तुझ्या हातातून ते घेतले, वाटीत घातले आणि सायकल दुकानात नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, हे खरं. पण तू त्यानंतर सायकल कधी उघडली नाहीस, हेही खरं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने हे करायला नको होतं. हे तुला सांगायचं फार दिवस मनात होतं.

सध्या मागच्या डाव्या चाकाकडून टक्-टक् असा आवाज येतोय. वळताना वाढतो, सरळ रस्त्यावर जवळजवळ नाही. बेअरिंग असेल, किंवा पाट्यांचा बुश. मिस्त्री म्हणाला, "आणा बाई, दहा मिनिटांचं काम." मी नेलेली नाही. पुढच्या शनिवारी तुला सुट्टी आहे ना? येताना पुण्याच्या नाना पेठेतून ग्रीसचा एक डबा आणि पॉलिश पेपर घेऊन ये, आणि जुने कपडे आण. तू येईपर्यंत मी त्या चाकाला हात लावत नाही.

तुझी,
आई