मनू, दादाला पाण्यात उतरवायच्या आधी हे वाच

मनू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. दादा परत पाण्यात जायचं म्हणतोय हे भारीच, पण नदीवर नाही हां, अजिबात नाही. कृष्णेत या काठावरून त्या काठाला पोहणारा माणूस तो, त्याला वाटणारच की जमेल, आणि डोक्याला मार लागल्यावर नेमका हाच घोळ होतो, जुना कॉन्फिडन्स तसाच राहतो पण डावी बाजू साथ देत नाही आणि धोक्याचा अंदाजही येत नाही.

आम्ही जी थेरपी देतो ते पोहणं नव्हेच गं. छातीएवढ्या पाण्यात उभं राहायचं, चालायचं, वळायचं. तेवढ्या पाण्यात पायांवर साधारण एक तृतीयांशच वजन येतं, कमरेएवढ्यात निम्मं. पण मला विचारशील तर खरा फायदा वेळेचा. जमिनीवर तोल गेला की सावरायच्या आत माणूस आपटतो, पाण्यात तो हळूहळू कलतो, तेवढ्यात पाय पुढे टाकायला सवड मिळते, मग पेशंट जमिनीवर ज्याला घाबरतात ते पाण्यात बिनधास्त करून बघतात.

हॅलिविक म्हणून एक पद्धत आहे, १९४९ मध्ये लंडनला जेम्स मॅकमिलन नावाच्या इंजिनिअरनं अपंग मुलींच्या शाळेत सुरू केलेली. त्यात फ्लोट लावतच नाहीत, आपल्याकडं पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलायचे त्याच्या बरोबर उलटं, प्रत्येकासोबत एक माणूस पाण्यात, आणि सुरुवातीलाच शिकवतात की तोंडाशी पाणी आलं की फुंकर मारायची. दादाला याचा राग येणार बघ, मी काय लहान आहे का म्हणेल, पण ऐकू नकोस त्याचं.

क्लबचा स्विमिंग पूल पण नको. थेरपीच्या टँकचं पाणी ३३ ते ३५ डिग्री असतं, गार पाण्यात त्याचा आखडलेला हात अजून आखडेल. शिवाय तिथला गोंगाट घुमतो, त्यानंच तो थकून जाईल. आणि बाहेर येताना जपायचं, अंगाचं वजन एकदम परत येतं, पाय लटपटतात, त्यात फरशी ओली, म्हणून व्हीलचेअर काठाशीच ठेवायची. पाण्यात चालला म्हणून घरात लगेच चालेल असंही नाही, जमिनीवरचे व्यायाम चालूच ठेवायचे.

फिट्सचं तू काहीच बोलली नाहीस. शेवटची कधी आली, गोळ्या कुठल्या, वहिनीला नीट विचार, आणि डिस्चार्ज पेपरचा फोटो पाठव. न्यूरोच्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी त्याला टँकमध्ये घेणार नाही, आधीच सांगते.

तुझी,
शमा