गुरुजी, आईला बोलायला लावलंत!

आदरणीय गुरुजी,
सा. न.

काल शेतांच्या अदलाबदलीचा नोंदणी झालेला दस्त हातात पडला. तात्या आणि मी एकाच गाडीवर तालुक्याला गेलो नि एकाच गाडीवर परत आलो. वेशीपाशी बसलेली माणसं बघतच राहिली.

जमिनींच्या एकत्रीकरणात गट पडले तेव्हा आमचं शेत तात्यांच्या नावावर लागलं आणि त्यांचं आमच्या. कसत आपापलंच राहिलो, पण सातबारा उलटा. त्यापायी पीककर्ज अडलं, विहीर अडली, शेवटी बोलणंही बंद झालं. वडील याच घोरात गेले.

मिटवायला आलेले काय कमी होते? आमच्याकडे चहा पिऊन सांगायचे, केस टाका, मी आहे. तात्यांच्या ओट्यावरही तेच. 2007 साली तंटामुक्ती मोहीम आली तेव्हा आपल्याकडंही समिती झाली, फलक लागला. आमचा तंटा कुणी हातात घेतला नाही. 2023 पासून सलोखा योजना आहे, 12 वर्षांची वहिवाट असली तर अशा अदलाबदलीला मुद्रांक शुल्क 1000 आणि नोंदणी फी 1000 रुपये, एवढं साधं यातल्या एकानंही सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत. त्या माणसांचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

पण गुरुजी, त्या संध्याकाळी देवळात तुम्ही जे केलंत ते मी जन्मात विसरणार नाही. आम्ही सगळे बापय सतरंजीवर, आवाज चढलेले. आई मागं खांबाला टेकून उभी. तुम्ही सरकून जागा केलीत आणि म्हणालात, "वहिनी, सातबाऱ्यावर तुमचंही नाव आहे. इथं बसा. तुमचं ऐकल्याशिवाय पुढं जायचं नाही."

इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. ती बसली, पदर सावरला आणि तात्यांकडं बघून म्हणाली, "भावजी, तुम्ही नि जाऊबाईंनी दगड वेचून ते रान केलंय. मी बघितलंय. ते मागायला आम्ही आलो नाही. आमचं आम्हाला राहू द्या, नि विहिरीची वाट तेवढी मोकळी ठेवा."

तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाटेचं कागदावर घ्या." तुम्ही लगेच वही उघडलीत. जुनं उकरायला निघालेल्या चुलत्यांना हातानंच थांबवलंत. कुणाला माफी मागायला लावली नाहीत, कुणाला कमीपणा आणला नाहीत. न्याय करणारी माणसं खूप भेटतात. समोरच्याची अब्रू सांभाळून वाद मिटवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला, आणि अशी माणसं गावोगाव असावीत असं फार वाटतं.

खालच्या आळीतले दोघे भाऊ बांधावरून कोर्टात निघालेत. मी त्यांना तुमच्याकडं पाठवतोय. त्यांच्या घरातल्या बायकांनाही बोलवा.

आईचा नमस्कार. रविवारी जेवायला यायचंच, तात्याही येणार आहेत.

आपला,
तुमचाच एक विद्यार्थी