‘चूक शोधा’ प्रश्नांसाठी शिक्षकांना साहाय्य हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘20 अंश सेल्सिअसचे 100 ग्रॅम पाणी आणि 40 अंशांचे 100 ग्रॅम पाणी एकत्र केल्यास मिश्रणाचे तापमान 60 अंश होते’ असे विधान मी आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहीत असे आणि त्यातील चूक शोधायला सांगत असे. आंघोळीच्या गरम पाण्यात गार पाणी ओतल्यावर ते अधिक तापेल कसे, असे कोणी तरी विचारी आणि मग उष्णता व तापमान यांतील फरक मुलेच एकमेकांना समजावू लागत.

असे प्रश्न तयार करणे मात्र सोपे नाही. शुद्धलेखनाची किंवा आकडेमोडीची चूक पेरून काही साधत नाही. मुलांच्या मनात खरोखर असलेली चुकीची समजूत पकडावी लागते. पाण्याच्या ताटलीत मेणबत्ती पेटवून वर ग्लास उपडा ठेवण्याचा प्रयोगच पाहा. ऑक्सिजन संपला म्हणून पाणी वर चढले, हे स्पष्टीकरण अनेक शिक्षकही (एके काळी मीसुद्धा) निःशंकपणे देतात. प्रत्यक्षात ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावते, तिचा काही भाग बुडबुड्यांवाटे बाहेर पडतो आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, म्हणून पाणी मुख्यतः विझल्यानंतर चढते. त्याच ग्लासात ऑक्सिजन तेवढाच असूनही एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्यास पाणी अधिक चढते, हे दाखवले की जुने स्पष्टीकरण वर्गासमोरच कोसळते.

अशा कृतींसाठी शिक्षकाला वेळ, नमुने आणि सहकाऱ्यांशी चर्चा यांची गरज असते. केंद्रस्तरावरील (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील शिक्षकांच्या) शिक्षण परिषदेत परिपत्रकांच्या वाचनातून अर्धा तास काढून शिक्षकांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकांतील चुका, विद्यार्थ्यांची नावे झाकून, एकत्र मांडाव्यात आणि त्यांतूनच प्रश्न घडवावेत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी ते इयत्तावार संकलित करून शाळांना द्यावेत. प्रत्येक प्रश्नासोबत ती चूक का होते आणि ती मोडण्यासाठी कोणता प्रयोग करावा, याची टीप असावी. तास संपण्यापूर्वी योग्य विधान फळ्यावर आले नाही, तर मुले चूकच वहीत उतरवून घेतात, हा माझा अनुभव आहे. या प्रश्नांना गुण मात्र कृपया ठेवू नयेत, अन्यथा त्यांचीही मार्गदर्शके निघतील आणि मुले चुकांची उत्तरे पाठ करू लागतील.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा