लाकडी माडीवर टाइल बसवण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पणजीच्या मळा भागापासून मडगावच्या बोर्डा भागापर्यंत जुन्या चिरेबंदी घरांच्या माडीवर आता खोलीगणिक न्हाणीघर काढले जात आहे. खाली सागाच्या नाहीतर मट्टीच्या (ऐनाच्या लाकडाच्या) तुळया, वर फळ्यांची तक्तपोशी. त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरून दोन इंच रेती-सिमेंटचा माल टाकायचा आणि टाइल चिकटवायची, ही सर्रास चाललेली पद्धत घराच्या मुळावर येणारी आहे, म्हणून हे पत्र.

दोन इंच मालाचे वजन चौरस मीटरला सुमारे १०० किलो होते. दीड बाय दोन मीटरच्या न्हाणीघरात टाइल धरून साडेतीनशे किलोचा भार तुळयांवर रात्रंदिवस राहतो, आणि सतत भाराखालचे लाकूड वर्षानुवर्षे थोडे थोडे वाकतच जाते. टाइलला वाकणे ठाऊक नाही. आधी सांध्यातले ग्राउट भुकटी होऊन निघते, मग पाणी खाली झिरपते, आणि कुजलेली फळी दिसते तोवर दोन पावसाळे उलटलेले असतात.

म्हणून पहिले काम सुताराचे, गवंड्याचे नंतर. सिरॅमिक टाइलखालची तुळई पूर्ण भाराखाली तिच्या लांबीच्या ३६०व्या भागापेक्षा जास्त वाकू नये. ३ मीटरच्या तुळईला ही मर्यादा ८ मिलिमीटर येते. खालच्या खोलीतून तुळईच्या दोन टोकांना दोरी ताणावी आणि वर मधोमध दोघांना उभे करावे. तेवढ्यानेच तुळई ४ मिलिमीटर खाली आली, तर भरलेल्या बादल्या आणि कमोडचा भार तिला पेलणार नाही. अशा तुळईला बाजूने तेवढ्याच उंचीची नवी तुळई १२ मिलिमीटरच्या बोल्टने जोडावी, आणि तुळयांच्या मध्ये आडवे ठोकळे घट्ट बसवावेत.

सर्वात दगा देते ते तुळईचे भिंतीतले टोक. चिरा पाणी शोषतो, आणि पावसाळाभर ओल्या राहणाऱ्या भिंतीत रुतलेले टोक आतून कुजते. बाहेरून रंग शाबूत दिसतो. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. चांगल्या मट्टीत तो जेमतेम रुतेल. बोटाच्या पेरभर आत गेला तर तेवढा भाग कापून नवा जोड द्यावा लागेल. वाळवीची मातकट नळी दिसली तर आधी तिचा बंदोबस्त करावा, मग पुढचे काम.

फळ्यांवरच थर चढवत गेले तर न्हाणीघर शेजारच्या खोलीपेक्षा उंच होते आणि पाणी पलंगाखाली जाते. त्यापेक्षा तेवढ्या जागेतल्या फळ्या काढाव्यात आणि तुळयांवर पाचरीसारख्या तासलेल्या पट्ट्या ठोकून नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीच्या तोंडाकडे, मीटरला १० ते १२ मिलिमीटर उतार द्यावा. उतार लाकडातच काढला की वर माल टाकण्याचे कारणच उरत नाही. ट्रॅपच्या पाइपसाठी तुळईला वरून किंवा खालून खाच मारू देऊ नये. प्लंबर हे हमखास करतात. पाइप दोन तुळयांच्या मधून न्यावा.

पट्ट्यांवर किमान १८ मिलिमीटरचा, आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्क्याचा, ओल सोसणारा मरीन प्लाय घालावा. तुळया १६ इंचांपेक्षा दूर असतील तर अधिक जाड. कडा व खालची बाजू आधी सील करून घ्यावी. प्लायच्या दोन तुकड्यांमध्ये ३ मिलिमीटर, भिंतीशी ६ मिलिमीटर फट हवीच. काम डिसेंबर ते मार्चमध्ये होते तेव्हा लाकूड आकसलेले असते. जुलैत ते फुगते, आणि फट नसेल तर प्लाय मधून उचलला जातो. खिळे नकोत, ते सैल होतात. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू कडेला ६ इंचांवर आणि मध्ये १२ इंचांवर मारावेत. मट्टीत आधी बारीक छिद्र पाडले नाही तर स्क्रूचे डोके तुटते.

प्लायवर ६ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड अॅडहेसिव्हच्या पातळ थरात बसवून स्क्रू करावा. त्याचे सांधे प्लायच्या सांध्यांवर येऊ देऊ नयेत आणि त्यांवर जाळीची पट्टी लावावी. बोर्डाने मजबुती वाढत नाही. टाइलला न फुगणारी पाठ मिळते, एवढेच त्याचे काम. त्यावर लवचिक वॉटरप्रूफिंगचे दोन हात, कोपऱ्यांत पट्टी, भिंतीवर निदान ६ इंच आणि शॉवरपाशी डोक्याच्या वर. मग ट्रॅप बंद करून बोटभर पाणी २४ तास साठवावे आणि खालून टॉर्चने प्रत्येक तुळई पाहावी.

टाइल ३०० मिलिमीटरची, खडबडीत पृष्ठाची. अॅडहेसिव्हच्या पिशवीवर एस-१, म्हणजे थोडे वाकू शकणारे, असे लिहिलेले असावे. भिंतीलगतच्या सांध्यात ग्राउट नको, सिलिकॉन भरावे. एवढे सगळे थर मिळून वजन चौरस मीटरला ४० ते ५० किलो भरते, म्हणजे माल आणि टाइल मिळून होणाऱ्या वजनाच्या निम्म्याहून कमी.

घरमालकांना विनंती, की कोटेशनमध्ये तुळयांची तपासणी आणि २४ तासांची पाणी चाचणी या दोन ओळी स्वतंत्र लिहून घ्याव्यात. खालच्या खोलीच्या छताला ट्रॅपखाली एक उघडता येणारी फळीही ठेवावी.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, फोंडा