पाचनईच्या मामांना, बाबांच्या वतीनेही

मामा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या थोरल्या लेकीच्या फोनवर पाठवते आहे, ती वाचून दाखवेल. चारचौघांनीही वाचावं म्हणून उघडंच ठेवलंय. हरिश्चंद्रगडावर येणाऱ्या पुष्कळांना तुमच्यासारखा माणूस सोबत हवा असतो, पण ते त्यांना ठाऊक नसतं.

खरं तर पहिले आभार तुमच्या तंबाखूचे मानायला हवेत. बाबांचं वय 71, उजवा गुडघा कुरकुरणारा आणि स्वभाव मास्तरांचा. दमलो असं म्हणणं म्हणजे वर्गात हरणं. पाचनईची वाट गडाच्या सगळ्या वाटांमध्ये सोपी, नळीच्या वाटेपुढे तर अगदीच घरगुती, पण चढ तो चढच. गाव मागे पडलं आणि तो मोठा कातळ डोक्यावर छपरासारखा पुढे आला, तिथे तुम्ही बुड टेकलंत. "थांबा जरा, तंबाखू मळतो." चंची सोडली, चिमूटभर पत्ती तळहातावर घेतली, नखानं चुना लावला आणि अंगठ्यानं मळत बसलात. चांगला वेळ गेला. बाबांचा श्वास खाली बसला, त्यांनी पाणी प्यायलं, मग तुम्ही उठलात. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी नीट पाहिलं, तर मळलेली तंबाखू तोंडात न जाता गुपचूप चंचीत परत गेली. "या माणसाला फार व्यसन आहे गं," असं बाबा माझ्या कानात म्हणाले. मी काही बोलले नाही. अजूनही त्यांना सांगितलेलं नाही, तेव्हा हा भाग लेकीनं तुम्हालाच वाचून दाखवावा.

बाबांना गड चढायचा होता तो चांगदेवांसाठी. आयुष्यभर त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं, चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच असं मुक्ताबाई म्हणाली आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या गेल्या, ही गोष्ट त्यांनी किती वर्गांना रंगवून सांगितली असेल! त्याच चांगदेवांनी 'तत्त्वसार' हा ग्रंथ या गडावर लिहिला असं मानतात. 1424 मीटर उंचीवर, जिथे पावसाळ्यात ढगाशिवाय काही दिसत नाही, तिथे बसून माणूस तत्त्वाचं सार लिहितो म्हणजे काय, ते त्यांना स्वतः बघायचं होतं.

वर पोचल्यावर आमच्या मागून आलेली सगळी पोरं तडक कोकणकड्याकडे पळाली. कड्याचं वेड मलाही आहे, त्यांना नावं ठेवत नाही (खांद्यावरचे स्पीकर मात्र घरी ठेवता आले असते). तुम्ही आधी देवळाकडे वळलात. "बाबा, घाई नाय. कडा सांजच्याला बरा दिसतो. तोवर दगडं बघू."

आणि खरंच दगड बघितले. हरिश्चंद्रेश्वराचं शिखर पायापासून वरपर्यंत, मग मागच्या अंगाची खोदीव लेणी आणि पाण्याची टाकी. पुष्करणीच्या काठावर ओळीनं बांधलेल्या देवळ्याही पाहिल्या. त्यांत पूर्वी विष्णूच्या मूर्ती होत्या, आता कोनाडे रिकामे. बाबा प्रत्येक कोनाड्यापुढे थांबत होते आणि तुम्ही प्रत्येक वेळी थांबू देत होता.

मग तो शिलालेख. झिजलेली अक्षरं, वर शेवाळाचे सुकलेले डाग. मी फोनचा उजेड थेट समोरून टाकला, तर सगळा दगड सपाट पांढरा झाला. तुम्ही माझ्या हातातून फोन काढून घेतलात आणि दगडाला जवळजवळ गाल लावून उजेड आडवा सोडलात. एकेका अक्षराच्या खाचेत सावली भरली आणि अक्षर वर आलं! कुणी शिकवलं तुम्हाला हे? विचारलं तर म्हणालात, "बैल शोधायला रात्री बॅटरी अशीच धरतो, खुराचे ठसे दिसतात." बाबांचं बोट दगडापासून दोन अंगुळं लांब, हवेतच फिरत होतं. 'चक्रपाणी' एवढं त्यांनी लावलं. पुढचं लागेना, पण त्यांचा चेहरा तुम्ही पाहिलाच आहे.

केदारेश्वराच्या गुहेत त्यांनी उतरू नये असं माझं मत होतं. पाणी कमरेएवढं, थंडीत तर पाय बधिर करणारं. तुम्ही मला विचारलंच नाही. विजार गुडघ्यावर गुंडाळून आधी स्वतः उतरलात, पायानं तळ चाचपलात आणि मग बाबांचं मनगट धरलंत. मनगटच, पंजा नव्हे. ओला पंजा सुटतो म्हणून. पिंडीभोवती एक प्रदक्षिणा झाली. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे, तोही पडला की जग बुडणार, असं म्हणतात ना, ते बाबांनी थरथरत्या ओठांनी काढलं. तुम्ही म्हणालात, "पडंल तवा पडंल. तोवर आपली भाकर खाऊन व्हईल."

कोकणकड्यावर ढगच ढग होते. 1835 साली कर्नल साइक्सला दिसलेलं ते इंद्रवज्र, म्हणजे ढगावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य, आमच्या नशिबी नव्हतं. कडेपासून बरंच अलीकडे तुम्ही काठीनं रेघ ओढलीत आणि तिच्यापुढे आम्हाला पाऊल टाकू दिलं नाही. ठीकच केलंत.

रात्री तुमच्या झोपडीत मामींचं पिठलं आणि गरम भाकरी. जेवताना तुम्ही बाबांना विचारलंत, "मास्तर, तिथं नेमकं काय लिवलंय ते कागदावर द्याल का? येणारे पाव्हणे इचारतात, मी आपलं ठोकून देतो." तुमचे वडील या वाटेनं माणसं नेत, तुम्हीही नेता, आणि दगडावरचा मजकूर तुम्हाला कुणीच कधी वाचून दाखवला नव्हता. याची मला त्या रात्री लाज वाटली, बाबांना मात्र काम मिळालं.

ते काम झालंय. शिलालेख, लेणी, पुष्करणी, चांगदेव, प्रत्येकावर थोडं थोडं, फळ्यावर लिहितात तशा ठसठशीत अक्षरात. लेखाचं वाचन छापील पुस्तकांशी ताडून घेतलंय, जिथे अक्षर शंकास्पद तिथे तसं स्पष्ट लिहिलंय. कागद भिजू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये पक्का बंद करून घेतलाय. भिंतीवर नावं खरडू नयेत, खडूनंसुद्धा, ही ओळ बाबांनी तांबड्या शाईत सगळ्यात वर घातलीय.

पाकीट राजूरला तुमच्या मेव्हण्यांच्या दुकानावर येईल. मामींसाठी सोबत मसाल्याचा डबा आहे. पुढच्या थंडीत बाबांना गणेशगुहेतला मोठा गणपती आणि जमलंच तर खिरेश्वरचं नागेश्वराचं देऊळ बघायचंय. गुडघ्याचं डॉक्टरांना विचारते आणि कळवते. तुम्ही चंची भरून ठेवा.

तुमची भाची