खिडकीच्या फटी आणि आपले परीक्षण

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतील ‘ड्रीम प्ले’च्या मराठी प्रयोगाचे परीक्षण वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. नाटक आवडणे न आवडणे हा परीक्षकांचा अधिकार आहे आणि त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. मात्र पृथ्वीवर उतरणारी इंद्रकन्या ‘दिग्दर्शकाने आपल्या प्रेक्षकांसाठी घुसडली’ असे ठामपणे लिहिण्यापूर्वी त्यांनी मूळ संहिता उघडून पाहायला हवी होती. ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग यांनी १९०१ साली स्वीडिशमध्ये हे नाटक लिहिले तेव्हापासून त्यात इंद्राचीच मुलगी आहे. ती पित्याशी बोलत ढगांतून खाली येते तो प्रवेश त्यांनी १९०६ मध्ये मागाहून जोडला, आणि १९०७ च्या एप्रिलमध्ये स्टॉकहोमला पहिला प्रयोग झाला तेव्हा अभिनेत्री हॅरिएट बोसे यांनी ती भूमिका केली. माणसांच्या तक्रारी खऱ्या आहेत का, हे पाहायला ती येते आणि ‘माणसांची कीव येते’ असे पुनःपुन्हा म्हणते. नाटकाचा सगळा जीव या एका वाक्यात असताना ते परीक्षणात कुठेच येऊ नये, याचे वाईट वाटले.

परंतु हे पत्र लिहायला मी बसले ती दुसऱ्याच एका वाक्यामुळे. वकिलाच्या घरातील प्रवेशाला आपल्या परीक्षकांनी ‘निरर्थक पुनरावृत्ती’ म्हटले आहे. मोलकरीण क्रिस्टीन थंडी आत येऊ नये म्हणून खिडकीच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत असते आणि ‘मी चिकटवते, मी चिकटवते’ एवढेच म्हणत राहते. इंद्रकन्या आता त्या वकिलाची बायको झालेली असते, ती गुदमरते आहे म्हणून सांगते, आणि नवरा म्हणतो की ऊब महाग आहे, तेव्हा क्रिस्टीन करते तेच बरोबर. आमच्या गिरगावातल्या चाळीतल्या दीड खोलीत हा प्रवेश दर आषाढात होत असे. वडिलांना दमा होता, ओल सोसत नसे. पावसाची झड आत येऊ लागली की आई मैद्याची खळ शिजवायची, जुन्या वर्तमानपत्राच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडायची आणि झडपांच्या सगळ्या फटी बुजवून टाकायची. आत रॉकेलच्या स्टोव्हपाशी माझी थोरली बहीण भाकऱ्या करत बसलेली असे. ‘आई, एक तरी फट राहू दे गं,’ हे तिचे शब्द आणि त्यावर आईचे ‘त्यांना खोकला लागतो ना,’ हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्या खळीचा आंबूस वास आजही नाकात येतो. दोघींपैकी कुणाचेच चुकत नव्हते. प्रयोगाला ताई माझ्या शेजारीच बसली होती. क्रिस्टीनने शेवटच्या फटीकडे हात नेला तेव्हा तिने माझे मनगट घट्ट धरले आणि तो प्रवेश संपेपर्यंत सोडले नाही. चौथी शिकलेल्या माझ्या बहिणीला हे नाटक ‘दुर्बोध’ वाटले नाही, हे आपल्या परीक्षकांना कृपया कळवावे.

स्थळकाळाचे नियम येथे लागू नाहीत, पात्रे दुभंगतात, एकमेकांत मिसळतात आणि या सर्वांवर फक्त स्वप्न पाहणाऱ्याची जाणीव असते, असे लेखकाने प्रास्ताविकातच सांगून ठेवले आहे. तेव्हा ‘कथानक सापडत नाही’ या आक्षेपाला मी काय उत्तर देणार? ‘नेपथ्यातल्या वाढत्या किल्ल्याचा उलगडा शेवटपर्यंत होत नाही’ हे वाक्य मात्र मला खटकले. खतातून वर आलेल्या त्या किल्ल्याच्या माथ्यावरची कळी शेवटच्या क्षणी उमलून भलेमोठे शेवंतीचे फूल होते आणि या प्रयोगातही ती उमलली. परीक्षक तोवर सभागृहात होते का, हे आपणच त्यांना विचारावे.

जाता जाता आणखी एक सांगते. या प्रयोगाची वेळ आपल्या नाटकांच्या पानावर मला कोठेच आढळली नाही. आम्हाला शेजारच्या मुलाकडून कळले. पन्नास-साठ माणसांसमोर महिनोन्‌महिने तालीम करून नाटक उभे करणाऱ्यांना दोन ओळींची जागा मिळायला हवी. इंद्रकन्येविषयीची चूक येत्या रविवारी दुरुस्त करावी आणि पुढच्या प्रयोगाची वेळही छापावी, ही विनंती. ताईला तो पुन्हा पाहायचा आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव, मुंबई